उंबराची माशी

कारखानीसकाकांनी भिकूमामाच्या तळहातावर माशी ठेवली, तेव्हा मामा आधी दचकला. मग त्याने हात डोळ्यांजवळ नेला, माशीला बोटाने टोचून बघितलं आणि खो खो हसायला लागला.

"आयला, ही तर खोटी!"

"खोटीच," काका म्हणाले. "तुमच्या भाचीनं बांधलीय."

मामाने माझ्याकडे मान वळवली. मी पुण्यात नोकरी करते, स्कूटर चालवते, लग्नाचं नाव काढलं की विषय बदलते, एवढं त्याने माझं आजवर पोटात घातलं होतं. त्यात आता ही भर.

"बाय, तू पुण्यात हे करतेस? माश्या बांधतेस?"

"सुट्टीच्या दिवशी," मी म्हटलं.

"आणि ही कुठली माशी म्हणायची? हिला ना पाय, ना पंख. ही तर उंबरासारखी दिसते."

"उंबरच आहे ते मामा. गळाला पिसं नाहीतर लोकर बांधून जे काही करतात, त्या सगळ्याला माशीच म्हणतात. मग नाकतोडा असो नाहीतर उंबर."

"म्हणजे उंबराची माशी," मामा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर पुन्हा हसला. "बरंय. शिंकली नाय म्हणजे मिळवली."

घाटावर जमलेली माणसंही हसली. मलाही हसू आलं. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण मामाचं ते हसणं माझ्या कानात अजून तसंच आहे, कारण त्यानंतर तो माझ्यासमोर तसा कधी हसला नाही.

उंबरखोल हे माझं आजोळ. सह्याद्रीच्या पायथ्याशी, नदी डोंगरातून उतरून पहिल्यांदा दम खाते तिथे वसलेलं. दम खाते म्हणजे काळ्या कातळात एक मोठा खोल डोह आहे. त्याला कोंड म्हणतात, आणि त्याच्या काठावर कोंडजाईचं देऊळ. कोंडातले महाशीर देवीचे. हातभर लांबीचे, तांब्यासारख्या खवल्यांचे मासे. त्यांना कोणी धरत नाही, कोणी खात नाही. एखादा मेला तर त्याला काठावर खड्डा करून पुरतात. कोंडातलं बाहेर न्यायचं नाही आणि बाहेरचं कोंडात आणायचं नाही, हा देवीचा नेम. कोंडाच्या खाली दगडांची एक रांग आहे, तिथे तिची हद्द संपते. त्याच्या खाली ज्याला जे करायचं ते करावं.

माशांना रोज सकाळी कुरमुऱ्यांची टोपली घालायची, हा मान भिकूमामाच्या घराकडे होता. भाऊबंदकीत थोरल्या घरच्या जानूतात्यांनी तो मागून बघितला होता, भांडून बघितला होता. मामाने सोडला नव्हता. मामाला ना मूल ना बाळ. मामी, एक म्हैस आणि ती टोपली एवढाच त्याचा संसार. टोपली घेऊन तो घाटावर उतरला की मासे पाण्याला उकळी फुटल्यासारखे वर यायचे, आणि मामाची छाती दोन बोटं फुगायची.

त्या वर्षी फाल्गुनात माशांच्या अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसायला लागले. होळीच्या सुमारास काही मेले. मामाने एकेकाला पुरलं आणि मला फोन केला. फोनवर तो बोलेचना. नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. शेवटी मामीने फोन घेऊन सांगितलं, की मासे मरतायत आणि गावात बोलायला लागलेत, भिकूच्या हातून काहीतरी चुकलंय म्हणून.

मी कारखानीसकाकांकडे गेले. जाणार दुसऱ्या कोणाकडे? ते माझ्या बाबांचे कंपनीतले मित्र. बाबा गेल्यावर मी वेड्यासारखी घरात बसून असायचे, तेव्हा काका एका रविवारी आले आणि मला उचलून धरणाच्या पाण्यावर घेऊन गेले. हातात रॉड दिला. "मासा लागला नाही तरी चालेल, दोरी सरळ पडली पाहिजे," म्हणाले. या प्रकारच्या मासेमारीत वजन गळाला नसतं, दोरीलाच असतं. ती मागे नेऊन, हवेत पूर्ण उलगडू देऊन, मग पुढे टाकायची, म्हणजे तिच्या टोकाची इवलीशी माशी पाण्यावर आपोआप पडल्यासारखी पडते. मला ते जमायला फार दिवस लागले. काका एकदाही चिडले नाहीत. त्यांच्या त्या चिकाटीने मी पुन्हा माणसांत आले, हे मी तेव्हा कोणालाही सांगितलं असतं.

माशांचं ऐकल्यावर ते म्हणाले, "बुरशी आहे ती. औषधाच्या पाण्यात काही वेळ ठेवले तर बरे होतील. पण जाळ्यानं धरू नका. जाळ्यानं खवले निघतात, मग हमखास मरतात. माशीवर धरू आपण दोघं. एक-एक, अलगद."

म्हणून आम्ही त्या सकाळी घाटावर उभे होतो. काकांची पिकअप झाडाखाली लावलेली, मागे औषधाच्या पाण्याची टाकी, तिला हवा सोडणारा पंप. मामाने माशीच्या गळावरून अंगठा फिरवला.

"ह्याला उलटा काटा नाय?"

"चिमट्यानं दाबून टाकलाय," मी म्हटलं. "ओठात रुततो आणि लगेच निघतो. माशाला काही होत नाही."

मामाने तो गळ स्वतःच्या बोटाच्या चामडीत टोचून बघितला, काढून बघितला, आणि मग जानूतात्यांना दाखवला. जानूतात्या उंबराच्या मुळीवर बसले होते. त्यांनी गळाकडे बघितलंच नाही.

"भिकू, उद्या काय झाला तर?"

"काय व्हायचा नाय."

"झाला तर?"

मामाने एकदा माझ्याकडे बघितलं. "झाला तर टोपली तुझ्या घरी," तो म्हणाला.

मी काही बोलणार तेवढ्यात काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नकोस हेमांगी," ते हळूच म्हणाले. "मी आहे ना."

तरी गावाला पाहुण्याचा शब्द हवा होता. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरले, ओंजळीत पाणी घेतलं. जानूतात्या सांगतील तसं त्यांनी म्हटलं, खणखणीत आवाजात, पलीकडच्या तीराला ऐकू जाईल असं: "देवीच्या पाण्याची आण. पाण्यातलं पाण्यातच सोडीन."

त्यांनी ओंजळ डोक्याला लावली आणि पाणी परत सोडलं. म्हातारी माणसं समाधानाने मान हलवायला लागली. मला त्या क्षणी काकांचा इतका अभिमान वाटला, की बाबा असायला हवे होते असं वाटून गेलं.

चैत्रातली नदी म्हणजे मासा धरणाऱ्याची परीक्षाच. पाणी कमी आणि काचेसारखं नितळ. सावली पडली की मासा तळाला. आम्ही वाकून, कातळाला टेकत टेकत, उंबराच्या झाडाखाली पोचलो. झाड बुंध्यापासून फळांनी लगडलेलं होतं आणि मधूनच एखादं पिकलेलं उंबर टपकन पाण्यात पडायचं. पडलं की खालून एक तांबूस सावली वर यायची, पाण्याला भोवरा पडायचा, आणि उंबर नाहीसं. पलीकडे पांगारा फुलला होता, त्याच्यावर साळुंक्यांचं भांडण चाललेलं. मामा मागे देवळाच्या पायरीवर हात जोडून बसला होता.

"तू टाक," काका कुजबुजले. "तुझी माशी, तुझं आजोळ."

मी दोरी मागे नेली, थांबले, पुढे सोडली. माशी पाण्यावर पडली ती खऱ्या उंबरासारखी, टप्प करून. काही झालं नाही. मग दोरी अशी ताणली गेली की माझा हात खांद्यातून निघतोय की काय असं वाटलं. महाशीर लागला की पहिली धाव त्याची. आपण फक्त धरून राहायचं. दोरी रिळावरून सुटत होती, काका "सोड, सोड, आता धर," म्हणत होते, आणि मी चक्क रडत होते, आनंदाने. मासा दमून काठाशी आला तेव्हा काकांनी ओला मऊ कपडा त्याच्याखाली घातला आणि त्याला तान्ह्या मुलासारखं उचललं. गळ ओठातून नुसता हलवताच निघाला.

"बघ मामा!" मी ओरडले. "रक्ताचा थेंब नाही!"

मामा पायऱ्या उतरून आला. माशाच्या पाठीवर पांढरा पुंजका होता. मामाने त्याला हात लावला नाही, नुसता वाकून त्याच्याशी बोलला. "जा बाबा. औषध घे आणि ये."

दुपारपर्यंत आम्ही चार धरले. काकांनी दोन, मी दोन. चारही मोठे होते. त्यातल्या दोघांच्याच अंगावर बुरशी होती, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलंही.

"वरून दिसत नाही, आत असते," काका टाकीवर झाकण ठेवत म्हणाले. "उन्हं उतरेपर्यंत औषधात राहू देत. मग सोडू. तू जा, मामी पानं वाढून बसली असेल. मी थांबतो यांच्यापाशी."

"असं कसं, तुम्हीपण चला," मामा म्हणाला.

"पंप बंद पडला तर? माझं पान इकडंच पाठवा."

माशांसाठी माणूस उपाशी थांबतोय म्हटल्यावर मामा विरघळलाच. आम्ही घरी गेलो. मामीने त्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि नारळाच्या रसात शेवया केल्या होत्या. मामा जेवायला बसला नाही. आधी पाहुण्याचं पान, म्हणाला. केळीच्या पानाने झाकलेलं ताट दोन्ही हातांत धरून तो घाटाकडे गेला.

परत आला तेव्हा ताट तसंच हातात होतं.

"गाडी नाय," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाय म्हणजे नाय, बाय. झाडाखाली कोणी नाय."

मी हसले. खरंच हसले. "अरे, पंपाची बॅटरी उतरली असेल. नाक्यावर गेले असतील चार्ज करायला. माशांना हवा नको का?" हे मी मामाला सांगितलं, मामीला सांगितलं, आणि घाटावर जाऊन जानूतात्यांनाही सांगितलं. एकेकाला सांगताना ते मला जास्तच पटत गेलं. उन्हं उतरली. म्हशी पाण्यावर येऊन गेल्या. मी उंबराखाली बसून रस्त्याकडे बघत होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला "येतीलच आता" म्हणत होते. मामा माझ्या शेजारी बसून होता. त्याने एकदाही विचारलं नाही, की हा माणूस कोण, आणि तू त्याला किती ओळखतेस.

दिवेलागणीला मामी बोलवायला आली तेव्हा मामा उठला. "सकाळी काय ते बघू," एवढंच म्हणाला. ताटातल्या शेवया म्हशीला घातल्या.

सकाळी पहिल्या एस.टी.ने मी निघाले. काकांनी वर घाटमाथ्यावर कुठेतरी जमीन घेतलीय, तिथे तळं खणलंय, हे मला माहीत होतं. निवृत्तीनंतरचा छंद, असं ते म्हणायचे. तिथे मी कधी गेले नव्हते. "तयार झालं की तुलाच पहिली नेणार," असं नेहमीचं उत्तर होतं.

तयार झालेलं होतं. फाटकावर रंगवलेली मोठी पाटी होती: महाशीर धरा, फोटो काढा, परत सोडा. खाली उसळी मारणारा मासा काढलेला. रंग पूर्ण वाळलेला होता. त्यावर धूळही बसली होती. आत सात-आठ पाहुणे, टोप्या, खुर्च्या. टेबलावर एका वाडग्यात माश्या ठेवलेल्या होत्या, पाहुण्यांनी हवी ती उचलावी म्हणून. सगळ्या उंबराच्या. हिवाळाभर काका म्हणत होते, "बांधत राहा, हात बसेल," आणि मी घरी रोज संध्याकाळी दिव्याखाली बसून त्या बांधत होते. लोकरीचा तो विटकरी रंग मीच तुळशीबागेत शोधून आणला होता. मी वाडग्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"आलीस?" मागून आवाज आला. "मला वाटलंच होतं. चहा घेणार?"

काका नेहमीसारखेच होते. तोच फिका शर्ट, तोच गळ्यात अडकवलेला चष्मा.

"काका, मासे कुठायत?"

"मजेत आहेत. बुरशी उतरलीसुद्धा."

"तुम्ही शब्द दिला होता."

"मग? मोडला कुठं?" ते एखादी गाठ समजावून सांगावी तशा सुरात म्हणाले. "पाण्यातलं पाण्यातच सोडलंय. कुठल्या पाण्यात, ते तुमच्या जानूतात्यांनी विचारलं नाही."

माझी अशी समजूत होती, की फसवणारा माणूस नजर चुकवतो. हे माझ्या डोळ्यांत बघून बोलत होते.

"मामानं त्याची टोपली लावली होती. तुमच्यासमोर."

"ऐकलं मी. वाईट वाटलं. पण अगं, तिथं राहिले असते तर मेलेच असते ते. लोकांनी फेकलेले कुरमुरे खाऊन कुजत होते. इथं त्यांची पिल्लं होतील. पुढच्या दहा वर्षांत बघ तू."

"मग तसं सांगून मागायचे."

"दिले असते?"

मी वाडग्यातला हात काढून घेतला.

"नसते दिले," काका म्हणाले. "मी पंधरा वर्षांपूर्वी एकदा जाऊन आलो होतो उंबरखोलला. मला घाटावरून हाकललं होतं. त्या गावात ओळखीशिवाय पाण्याला बोटसुद्धा लावता येत नाही."

मला आठवलं. बाबांच्या सुतकाच्या दिवसांत काका भेटायला आले होते. बोलायला विषय नव्हता म्हणून त्यांनी विचारलं होतं, तुझं आजोळ कुठलं. मी गावाचं नाव सांगितलं, मामाकडे टोपलीचा मान आहे हेही सांगितलं, आणि काकांनी हातातला कप खाली ठेवला होता. त्यानंतरच्याच रविवारी ते मला न्यायला आले.

"म्हणजे त्या पहिल्या रविवारपासून?" मी विचारलं.

"तसं नाही," ते म्हणाले. "तसंही होतं आणि तसं नव्हतंही. तुला शिकवायला मला आवडलं, हेमांगी. ते खोटं नाही."

यापेक्षा त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. सगळंच खोटं असतं तर फेकून देता आलं असतं.

"मला ते मासे परत पाहिजेत," मी म्हटलं.

"धर आणि ने. तुझा रॉड गाडीतच राहिलाय. मी अडवणार नाही." आणि जाता जाता म्हणाले, "फक्त एक. तळ्यात मी हॅचरीतून आणून वाढवलेलेही आहेत. तेही आता याच मापाचे झालेत. ओळखू आले तर बघ."

मी तळ्यावर उभी राहिले. ऊन डोक्यावर होतं. दोरी मागे नेली, पुढे सोडली, ती सरळच पडली. हात शिकलेला होता, त्याला शिकवणाऱ्याचं काय देणंघेणं. पहिला मासा लागला तशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रात्यक्षिक चाललंय.

"माझी शिष्या," काका मागे कोणालातरी सांगत होते.

मी वळून बघितलं नाही. मासा काठाशी आणला, उलटून-पालटून बघितला. पांढरा पुंजका नव्हता, पण तो औषधाने उतरला होता, आणि कोंडातल्याही दोघांच्या अंगावर तो मुळातच नव्हता. ओठावर गळाची खूण होती, पण तिथे सगळ्याच माशांच्या ओठांवर ती होती. पाहुणे रोजच धरत होते त्यांना. दुसरा धरला, तिसरा धरला, चौथा धरला. प्रत्येक वेळी वाटायचं हाच. खवल्यांचा रंग तोच, डोळा तोच. नाक्यावरून एक टेंपो ठरवला, टेंपोवाल्याकडे माशांचं बी, म्हणजे पिल्लं, नेण्याचं पिंप होतं. पिंपात मासे घेऊन मी उंबरखोलला पोचले तेव्हा उन्हं कलली होती.

टेंपो बघून मामा धावतच आला. त्याने पिंपात वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, की मला ओरडून रडावंसं वाटलं.

"आणलेस! मी म्हटला नव्हता?" तो मागे वळून सगळ्यांना सांगायला लागला. "म्हटला नव्हता, माझी भाची आणील म्हणून?"

घाटावर गाव गोळा झालं. जानूतात्या पुढे आले. त्यांनीही पिंपात बघितलं, आणि त्यांच्या आवाजात काल होती ती धार नव्हती.

"कुठून आणलेस, पोरी?"

"त्यांच्या तळ्यातून. मीच धरले."

"तळ्यात हेच होते? का दुसरेपण होते?"

मी मामाकडे बघितलं. "दुसरेपण होते."

कुजबुज झाली. जानूतात्यांनी हात वर केला. "बाहेरचा मासा कोंडात चालायचा नाय, हे तुला सांगायला नको. ह्यांचा रोग काय, जात काय, कोणाला ठाव. पण तू भिकूच्या घरची हायस. पाण्यात हात घाल आणि सांग, की हे देवीचेच. आम्ही मानू."

मी पायरीवर गुडघे टेकले. पाणी गार होतं. मासे वर यायला लागले, त्यांना वाटलं टोपली आली. मामा माझ्यामागे येऊन वाकला.

"बोल बाय," तो पुटपुटला. "हेच ते. मी बघितलेत ना. हेच."

"मामा, तुला ओळखू येतायत?"

"येतायत गो. तू बोल फक्त."

त्याला येत नव्हते. त्याच्या आवाजावरून मला कळलं. आणि मला हेही कळत होतं, की मी हो म्हटलं तर हे प्रकरण इथेच मिटतं. कोणाला काही कळणार नाही, मलाही नाही. कदाचित ते खरंच तेच असतील. पण कालच्याच दिवशी याच पाण्यात उभं राहून एक माणूस गोड आवाजात बोलून गेला होता. आणि हॅचरीतल्या माशाने आत काय आणलंय ते कोणी बघितलंय? कोंडात शेकड्यांनी मासे होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं:

"मला सांगता येत नाही. असतीलही. मला ओळखू येत नाहीत."

जानूतात्यांनी मान खाली घातली. मामा सरळ उभा राहिला. देवळात गेला, टोपली घेऊन आला. तिच्या तळाशी सकाळचे थोडे कुरमुरे उरले होते, ते त्याने पाण्यात झटकले आणि टोपली जानूतात्यांच्या हातात दिली. जानूतात्या घेईनात, तेव्हा त्याने ती त्यांच्या पायापाशी ठेवली.

पिंपातले मासे मी दगडांच्या रांगेच्या खाली नेऊन सोडले, जिथे देवीची हद्द संपते. दुसरी जागा नव्हती. पलीकडच्या काठावर दोघे जण जाळं खांद्यावर घेऊन उभे होते. माझं काम होईपर्यंत ते अदबीने थांबले.

मी वर आले तेव्हा घाट रिकामा झाला होता. मामा एकटाच पायरीवर होता. मी जवळ गेले, त्याच्या हाताला हात लावला. त्याने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"मामा, मी खोटं कसं बोलू?" मी म्हटलं. "सांग ना. मला खरंच ओळखू आले नाहीत."

मासे अजून वर घुटमळत होते.

"त्यानं परका असून खोटा का होईना, शब्द तरी दिला," मामा म्हणाला. "तू माझी असून तेवढापण नाय दिलास."